फास्टर फेणेचे चेहरे

फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा मुलगा विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने काटकुळा, पायाला भिंगरी, हाताशी सायकल, आणि डोक्यात काही चमकले की जीभ टाळूला लावून तो ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. भा. रा. भागवतांनी (1910–2001) हे पात्र घडवले आणि त्याच्यावर वीसेक पुस्तके लिहिली. भागवतांनी 1951 साली ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले होते आणि ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या होत्या. परक्या देशांतली साहसे मराठीत आणताना त्यांना जी भाषा सापडली, तीच पुढे फुरसुंगीच्या या पोराच्या कामी आली.

बनेशला गुप्तहेर म्हणायचे तर तो त्या शब्दाच्या रूढ अर्थाने नव्हे. त्याच्याकडे कुणी गिऱ्हाईक येत नाही. तो सुट्टीत कुठेतरी जातो, तिथे काहीतरी खटकते आणि मग ते तडीला नेल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कधी प्रतापगड, कधी गुलमर्ग, तर ‘जवानमर्द फास्टर फेणे’मध्ये थेट 1962 च्या चीन युद्धाची सरहद्द. मराठीतल्या दुसऱ्या कुठल्याही तपासकर्त्याची वाट छापील पानावरून चित्रात, चित्रातून दूरचित्रवाणीवर आणि तिथून मोठ्या पडद्यावर इतकी सरळ गेलेली नाही. या वाटेचा शेवटचा टप्पा लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावच्या एका घराण्याने बांधला, म्हणून नांदेड-लातूरच्या बाजूने पाहिले तर या पात्राचा इतिहास वेगळा दिसतो.

मराठवाड्यात रहस्यकथेचा वाचक दोन बाजूंनी तयार झाला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चाले आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दू होते. त्यामुळे नांदेडसारख्या शहरात उर्दू वाचणारा वर्ग मोठा होता आणि आजही आहे. 1952 पासून इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ मालिकेने उर्दू वाचकांना कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद दिले, पुढे सफींच्याच दुसऱ्या मालिकेने इमरान दिला. दुसऱ्या बाजूने मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मराठी पुस्तकांत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते, आणि नंतर गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या. खिशात मावणारी ही पुस्तके दिवसाच्या भाड्यावर मिळत, हातोहात फिरत आणि परत येईपर्यंत त्यांच्या कडा मऊ पडत.

एवढा मोठा वाचकवर्ग असूनही झुंजारला किंवा काळापहाडला एखाद्या नटाचा चेहरा कायमचा चिकटला नाही. वाचकाने ते आपल्या मनाने पाहिले. फास्टर फेणेचे तसे झाले नाही, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे राम वाईरकर.

वाईरकर हे ‘अमर चित्र कथा’चे नामवंत चित्रकार. फास्टर फेणेच्या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेला बनेश हा या पात्राचा पहिला अभिनेता म्हणायला हरकत नाही. शर्टाच्या बाह्यांतून बाहेर आलेले बारीक हात, अर्ध्या चड्डीखालचे लांब पाय आणि कायम पुढे झुकलेले अंग. ही चित्रे पाहून वाचकाला बनेशचा वेग मजकुराआधीच कळत असे. चित्रकार पात्राला कसा घडवतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण शेरलॉक होम्सचे आहे. कॉनन डॉयल यांनी होम्स 1887 मध्ये लिहिला, पण आज डोळ्यांसमोर येणारी त्याची कानपट्ट्यांची टोपी सिडनी पॅजेट यांनी 1891 पासून ‘स्ट्रँड’ मासिकासाठी काढलेल्या चित्रांतून रूढ झाली. वाकड्या देठाचा पाइप तर विल्यम जिलेट या नटाने 1899 च्या नाटकामुळे होम्सच्या हाती दिला असे मानले जाते. पुढच्या प्रत्येक नटाला ही चित्रे आणि ही सामग्री सांभाळत किंवा नाकारत होम्स करावा लागला. बेसिल रॅथबोन यांनी 1939 ते 1946 या काळात चौदा चित्रपटांत ती सांभाळली, 1984 ते 1994 दरम्यान जेरेमी ब्रेट मूळ कथांच्या शब्दांकडे आणि पॅजेटच्या चित्रांकडे परतले, आणि 2010 मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्या होम्सच्या हाती मोबाइल फोन आला.

मात्र होम्स, पॉइरो किंवा ब्योमकेश करणाऱ्या नटापुढे नसलेली एक अडचण फास्टर फेणे करणाऱ्यापुढे असते. मोठ्या माणसाच्या भूमिकेत नट दहा-वीस वर्षे राहू शकतो. शिवाजी साटम यांनी ‘सीआयडी’तले एसीपी प्रद्युम्न 1998 पासून वीस वर्षे सलग केले आणि पात्र त्यांच्याबरोबरच वयाने वाढले. कुमारवयाचे पात्र अशी सवलत देत नाही. मिसरूड फुटले, आवाज बदलला की नट भूमिकेच्या बाहेर जातो. म्हणून फास्टर फेणेला एकच कायमचा नट मिळणे शक्यच नव्हते. जो येईल त्याने थोडा काळ पात्र सांभाळायचे आणि पुढे जायचे, किंवा पात्राचेच वय वाढवायचे. सुमीत राघवन आणि अमेय वाघ यांच्या फास्टर फेणेंमधला मुख्य फरक इथेच आहे.

1980 च्या दशकात दूरदर्शनवर ‘फास्टर फेणे’ मालिका आली आणि त्यात बनेश झाले सुमीत राघवन. 1971 साली जन्मलेले राघवन तेव्हा खरोखरच शाळकरी वयाचे होते. पुढे 1988 च्या ‘महाभारत’ मालिकेत त्यांनी लहानपणीचा सुदामा केला, तेव्हाही त्या चेहऱ्यावरचे बालपण गेलेले नव्हते. या निवडीचा मोठा फायदा असा की बनेशचे धाडस धाडसासारखे वाटले. मोठ्या माणसांच्या जगात एक मुलगा घुसतो, कुणी त्याला हिशेबात धरत नाही आणि त्याच दुर्लक्षाचा तो फायदा उठवतो, ही भागवतांच्या कथेची मूळ गंमत. ती दाखवायला खरे लहान वय लागते. शरीराने मोठा झालेला नट कितीही चपळ असला तरी समोरचा गुंड त्याला ‘चल, घरी जा’ म्हणून झटकू शकत नाही.

लातूर-नांदेडच्या प्रेक्षकाला ही मालिका ज्या काळात भेटली तो काळही लक्षात घ्यावा लागतो. लातूर हा स्वतंत्र जिल्हाच 16 ऑगस्ट 1982 रोजी झाला, तोवर तो उस्मानाबादचा भाग होता. त्याच सुमारास, 1984 मध्ये, दूरदर्शनने देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने विणले आणि दूरचित्रवाणी मोठ्या शहरांबाहेर पडली. ही लहान केंद्रे स्वतः कार्यक्रम बनवत नसत, वरून आलेले पुढे सोडत. त्यामुळे इथल्या घरांत दूरचित्रवाणीवरचा गुप्तहेर आधी हिंदी बोलू लागला. 1985 चा ‘करमचंद’ आणि त्याची गाजरे, पंकज कपूर यांचा तुटक, खोचक सूर. मग 1993 मध्ये बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्शी’. रजित कपूर यांचा ब्योमकेश धोतर नेसून शांतपणे ऐकत बसणारा माणूस होता, आणि त्याची बायको सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णी या मराठी अभिनेत्री होत्या. त्याआधी सत्यजित राय यांच्या 1967 च्या ‘चिडियाखाना’त उत्तमकुमार ब्योमकेश झाले होते, आणि 2015 मध्ये दिबाकर बॅनर्जींच्या चित्रपटात सुशांतसिंह राजपूत झाले. एकाच पात्राच्या या तीन रूपांत रजित कपूर यांचे रूप घरोघरी टिकले, कारण त्यांनी नायकपण बाजूला ठेवले. गुप्तहेर करणाऱ्या नटाने ऐकणे शिकले पाहिजे, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कुणी दाखवले असेल. फास्टर फेणेला मात्र हा धडा लागू पडत नाही. बनेश बसून ऐकणारा नाही. तो पळता पळता विचार करतो आणि त्याच्या नटाला अंगानेच बोलावे लागते.

सुमीत राघवन यांच्या मालिकेनंतर पात्र बराच काळ पडद्यापासून दूर राहिले. पुस्तके मात्र चालू होती. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने ती छापत ठेवली आणि मालिका पाहिलेली पिढी आईबाप झाल्यावर तीच पुस्तके पुन्हा घरात आली.

27 ऑक्टोबर 2017 रोजी ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन. त्याच्या निर्मितीमागे रितेश आणि जेनेलिया देशमुख यांची ‘मुंबई फिल्म कंपनी’ होती. रितेश हे बाभळगावचे, माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे चिरंजीव. याच संस्थेने आधी ‘बालक-पालक’ (2013), ‘यलो’ आणि ‘लय भारी’ (दोन्ही 2014) काढले होते. या यादीत मुलांच्या जगाला लागून असलेले विषय वारंवार येतात. वाढत्या मुलांचे प्रश्न, अपंगत्वावर मात करणारी जलतरणपटू मुलगी आणि मग मराठी मुलांचा हक्काचा नायक. हिंदीत बस्तान बसलेल्या नटाने मराठीत पैसा घालायचा ठरवल्यावर भागवतांचे पात्र निवडले, ही लहान गोष्ट नाही. मराठी बालसाहित्यातून मोठ्या पडद्यासाठी पात्र उचलण्याचे प्रयत्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

चित्रपटाने बनेशला मोठा केला. हा बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्यासाठी पुण्यात येतो. परीक्षेच्या निमित्ताने त्याची धनेश लांजेकर या मुलाशी ओळख होते आणि लगेच धनेशचा मृतदेह सापडतो. पोलीस आत्महत्या म्हणून फाइल बंद करायला निघतात. बनेशला ते पटत नाही. तो खोदत जातो तसे वैद्यकीय शिक्षणाच्या बाजारातले एक मोठे रॅकेट उघडे पडते आणि त्याच्या मुळाशी बसलेला आप्पा समोर येतो. आप्पाच्या भूमिकेत गिरीश कुलकर्णी आहेत, बनेशबरोबर तपास करणारी पत्रकार अबोली पर्ण पेठे यांनी केली आहे.

भागवतांच्या कथांतले गुन्हेगार तस्कर, हेर, चोर, म्हणजे घराबाहेरचे असत. 2017 च्या कथेतला गुन्हा घरात शिरलेला आहे. अभ्यासाच्या टेबलावर, प्रवेशपत्रावर, आईबापांनी जमवलेल्या फीमध्ये. नांदेड आणि लातूरमध्ये हे कथानक पाहणाऱ्याला त्यातली भीती समजावून सांगावी लागत नाही.

या भीतीला इतिहास आहे. एके काळी मराठवाड्यातल्या हुशार मुलाला शिकायचे तर हैदराबाद किंवा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. 1961 साली लातूरचे दयानंद महाविद्यालय आणि 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. पुढे शाहू महाविद्यालयातून आकाराला आलेला ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे नेटका वेळ, जादा तास, सराव परीक्षांवर सराव परीक्षा, राज्यभर गाजला. गुणवत्ता यादीत लातूरची नावे वर्षामागून वर्षे झळकू लागली. मग प्रवाह उलटा फिरला आणि राज्यभरातून मुले लातूरला येऊ लागली. नांदेडमध्येही वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र उभे राहिले. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नांदेडचे 1988 पासूनचे, शंकरराव चव्हाणांच्या नावाचे, आणि लातूरचे 2002 पासूनचे, विलासराव देशमुखांच्या नावाचे. या शहरांत अर्थव्यवस्थेचा एक अख्खा मजला परीक्षेवर उभा आहे. वसतिगृहे, खानावळी, अभ्यासिका, पुस्तकांची दुकाने, भाड्याच्या खोल्या. जूनमध्ये खोली शोधत फिरणारा बाप आणि गादी-बादली घेऊन मागे चालणारा मुलगा हे इथल्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य.

चित्रपट आला ते वर्षही या अर्थाने मोक्याचे होते. महाराष्ट्रात 1999 पासून वैद्यकीय प्रवेश राज्याच्या सीईटीवर होत. ‘नीट’ या देशव्यापी प्रवेश परीक्षेचा 2013 चा अपवाद आणि 2016 ची कोर्टकचेरी व वटहुकूम झाल्यावर 2017 पासून राज्याच्या जागांसाठीही ‘नीट’ कायम झाली. नियम बदलत असताना घराघरांत असलेली धास्ती पडद्यावर आली, तीही अशा निर्मात्याकडून ज्याचे मूळ गाव लातूर शहराच्या अगदी जवळ आहे. कथानक लातूरवरून घेतले असे म्हणायला आधार नाही. घटना पुण्यात घडते आणि देशाच्या डोळ्यांसमोर तेव्हा मध्य प्रदेशातला व्यापमं हा परीक्षांचा घोटाळाही होता. पण या दोन शहरांतल्या प्रेक्षकासाठी धनेश लांजेकर हा शेजारच्या खोलीतला मुलगा होता, हे खरेच आहे.

सात वर्षांनी वास्तव त्या कथेच्या फार जवळ आले. 5 मे 2024 रोजी झालेल्या नीट परीक्षेत गैरप्रकार झाल्याचे आरोप देशभर उठले. जून 2024 मध्ये दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने लातूरमधील शिक्षकांची चौकशी केली, लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. पैसे घेऊन गुण वाढवून देण्याच्या आमिषाचा तो आरोप होता. फास्टर फेणेच्या चित्रपटातली कल्पना अतिरंजित वाटली असेल, तर त्या आठवड्यात ती तशी वाटणे बंद झाले.

आता अमेय वाघ यांच्या कामाकडे. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर घडलेले आणि ‘दिल दोस्ती दुनियादारी’ मालिकेमुळे घरोघरी पोचलेले वाघ 2017 मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर होते. नुकताच बारावी झालेला मुलगा त्यांना करायचा होता. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या, सडपातळ बांधा आणि बोलण्यातला वेग. वाईरकरांच्या चित्रातले पुढे झुकलेले अंग त्यांच्या धावण्यात दिसते. ‘ट्टॉक्’ ही मात्र खरी परीक्षा होती. पुस्तकात तो आवाज छापलेला असतो आणि वाचणारे मूल तो स्वतः काढून पाहते. पडद्यावर तोच आवाज लकब म्हणून येतो आणि सारखा आला तर खोटा वाटतो. वाघ तो जपून वापरतात, विचार जुळल्याच्या क्षणी, जवळजवळ स्वतःशीच. ही निवड चांगली आहे. लकबीवर भूमिका उभी करायचा मोह त्यांनी टाळला.

जे गमावले तेही मोठे आहे. राघवन यांच्या बनेशला मोठ्यांच्या जगात अदृश्य राहण्याची सोय होती, वाघ यांच्या बनेशला ती नाही. त्याला धमक्या मिळतात, मार पडतो, तो संशयाचा विषय होतो. चित्रपटाला ही पोकळी जाणवली असावी, कारण बनेशच्या मदतीला त्यात एक लहान मुलगा दिला आहे. लोकांच्या नजरेत न भरता कुठेही घुसण्याचे काम, जे पुस्तकात बनेश स्वतः करतो, ते इथे थोडेफार त्या पोराकडे गेले. बदल्यात चित्रपटाला मिळाला राग. भागवतांचा बनेश अन्यायाने चिडतो, पण त्याची चीड पुढच्या प्रकरणात विरघळते. वाघ यांचा बनेश एका मित्राच्या मरणाचा हिशेब मागत फिरतो आणि त्याच्या खेळकरपणाखाली ते दुःख सतत असते. गिरीश कुलकर्णींचा आप्पा आवाज न चढवता बोलतो, त्यामुळे समोरच्या मुलाची धडपड जास्त उठून दिसते. राघवन यांचा फेणे पुस्तकाच्या जास्त जवळचा आणि वाघ यांचा त्या पुस्तकाच्या मोठ्या झालेल्या वाचकाच्या जवळचा, असा निवाडा करता येईल. पहिला मुलांसाठी होता, दुसरा कधी काळी मुले असलेल्यांसाठी.

चित्रपटातली आणखी एक भूमिका या तुलनेत धरलीच पाहिजे. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात साक्षात भा. रा. भागवत केले आहेत. पुण्यात आलेला बनेश त्यांच्या घरी उतरतो. होम्सला वॉटसन, बंगाली गुप्तहेर फेलूदाला तोपशे आणि जटायू, तसा बनेशला त्याचा लेखकच सोबती म्हणून मिळाला. मराठी नटांना या सोबत्याच्या जागेचा अनुभव जुना आहे. 1980 च्या दशकात संदीप राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘किस्सा काठमांडू का’मध्ये शशी कपूर फेलूदा होते आणि रहस्यकथाकार जटायू होते मोहन आगाशे. आगाशे यांचा जटायू भाबडा आणि गमतीदार. प्रभावळकरांचे भागवत मात्र विनोदासाठी नाहीत. ‘बोक्या सातबंडे’ लिहिणारा हा नट स्वतः मुलांचा लेखक आहे, आणि मुलाच्या धाडसाकडे कौतुकाने पण काळजीने पाहणारी त्यांची नजर अभिनयापलीकडची वाटते. बनेश तपासाला बाहेर पडतो तेव्हा ते त्याला अडवत नाहीत आणि ढकलतही नाहीत. राघवन यांच्या मालिकेपासून या चित्रपटापर्यंत पडद्यावर बनेशचे वय वाढले, गुन्ह्याचे स्वरूप बदलले. चित्रपटाने लेखकालाच कथेत आणून बसवल्यामुळे जुन्या पुस्तकांशी असलेला धागा मात्र उघडपणे पडद्यावर राहिला.